साडी-कर्करोग

साडी-कर्करोग : परकराची नाडी, लुगड्याची गाठ किंवा धोतराचा पीळ वर्षानुवर्षे कमरेच्या एकाच रेषेवर आवळला गेल्याने तेथील त्वचेत उद्भवणारा शल्की पेशींचा (स्क्वॅमस) कर्करोग. हा विकार अतिशय विरळ असून वैद्यकीय वाङ्मयात त्याची नोंद बहुधा एकेका रुग्णाच्या वृत्तांतातूनच आढळते. नाव साडीचे पडले असले, तरी इजा करते ती आवळलेली गाठ. त्यामुळे हे नाव काहीसे दिशाभूल करणारे आहे.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ मध्ये सहलेखिकेसह चालीरीतींशी निगडित अशा तीन कर्करोगांचे वर्णन केले. धोतराचा कर्करोग त्यांपैकी एक; उरलेले दोन चुट्टा (तंबाखूच्या पानांचा चिरूट) आणि खैनी (चुना मिसळलेली तंबाखू) यांच्या सेवनाशी निगडित होते. काश्मिरात अंगाशी कांगडी (निखाऱ्यांची छोटी शेगडी) धरल्याने पोटावर व मांड्यांवर होणारा कर्करोगही याच कुळातला. २०२४ मध्ये वर्धा व बिहार येथील डॉक्टरांनी दोन वृद्ध स्त्रियांचे वृत्तांत प्रसिद्ध केले. त्यांतील एक परकराविना लुगडे नेसणारी होती आणि तिचा रोग जांघेतील लसीका ग्रंथींपर्यंत (लिंफ नोड) पोहोचला होता.

होळकरांच्या काळापासून इंदुरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या दृष्टीने हा तपशील महत्त्वाचा आहे. तेथील जुन्या पिढीतील स्त्रिया काष्ट्याचे नऊवारी लुगडे नेसत. त्याला परकर लागत नाही, पण कापडाचीच गाठ कमरेवर घट्ट बसते. पुढे सहावारी आली आणि गाठीची जागा सुती नाडीने घेतली. महेश्वरी साडी वजनाला हलकी असली, तरी अरुंद नाडीचा दाब त्यामुळे कमी होत नाही. माळव्याच्या उन्हाळ्यात घाम साचून घर्षण वाढते.

आरंभी कमरेवर काळसर, खवलेदार पट्टा उमटतो आणि त्वचा जाड होते. या अवस्थेत नाडी सैल केल्यास किंवा रुंद पट्टा वापरल्यास त्वचा बरीचशी पूर्ववत होऊ शकते. पुढे तेथे चीर पडते, ती भरते आणि पुन्हा उकलते. दीर्घकाळ चाललेल्या या क्षोभातून क्वचित एखाद्या रुग्णात कर्करोग उद्भवतो. भाजल्याच्या जुन्या वणावर होणाऱ्या मार्जोलिन व्रणाशी ही प्रक्रिया मिळतीजुळती आहे. जागा कपड्याखाली झाकलेली असते आणि दाखवण्याचा संकोच असतो, म्हणून मलमे लावण्यात महिने जातात. कडा उचललेला, तळाशी कठीण लागणारा किंवा काही आठवड्यांत न भरणारा व्रण असल्यास त्याच्या कडेचा तुकडा काढून तपासणे अनिवार्य ठरते. नुसत्या पाहण्यावरून निदान करणे धोक्याचे आहे.

उपचार मुख्यतः शस्त्रक्रियेचा आहे. कर्करोगाची गाठ भोवतीच्या निरोगी त्वचेच्या पट्ट्यासह व खालच्या चरबीसह, गरज पडल्यास स्नायूंवरील आवरणापर्यंत, एकसंध काढली जाते. कमी जोखमीच्या लहान गाठीभोवती ४ ते ६ मिमी. पट्टा सामान्यतः पुरेसा मानतात. जुन्या वणातून उपजलेल्या रोगात मात्र तो २ सेंमी. किंवा अधिक ठेवण्याकडे शल्यविशारदांचा कल असतो. पोटाची त्वचा सैल असल्याने लहान जखम सरळ शिवता येते, तर मोठीवर त्वचारोपण करतात किंवा शेजारची त्वचा सरकवून आणतात.

लसीका ग्रंथींच्या बाबतीत या जागेची अडचण विशेष आहे. बेंबीच्या पातळीच्या वरील त्वचेतील लसीका मुख्यतः काखेकडे, खालील जांघेकडे वाहते आणि नाडीची रेषा नेमकी या विभाजनाजवळून जाते. म्हणून दोन्ही जांघा व दोन्ही काखा चाचपून पाहणे आवश्यक असते. ग्रंथी मोठी लागल्यास सुईने पेशी काढून तपासतात आणि रोग सिद्ध झाल्यास त्या भागातील ग्रंथींचा समूह काढतात. जांघेतील अशा शस्त्रक्रियेनंतर पायाला सूज येण्याची शक्यता रुग्णाला आधीच सांगावी लागते. कडेला रोग उरल्यास किंवा ग्रंथींत तो बराच पसरला असल्यास किरणोपचार जोडतात.

रोपण केलेल्या त्वचेवर पुन्हा नाडी बांधता येत नाही. अशा रुग्णांना खांद्यावरून आधार घेणारा सैल पोशाख सुचवला जातो आणि पुढील काही वर्षे, विशेषतः पहिली दोन, ठरावीक अंतराने वण व ग्रंथी तपासल्या जातात.