पोलीस पदकांचे प्रस्ताव परत का येतात? सोलापुरातल्या अंमलदारांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी

२६ जानेवारीची यादी जाहीर झाली की सोलापुरात अनेकांच्या घरी एकच प्रश्न निघतो: "पदकासाठी अर्ज कुठं करायचा?" पोलीस पदकासाठी स्वतः अर्ज करता येत नाही. प्रस्ताव घटकप्रमुखांनी पाठवायचा असतो. शहरातल्या अंमलदाराचा पोलीस आयुक्तालयातून जातो, बार्शी, पंढरपूर, अक्कलकोटकडच्यांचा ग्रामीण अधीक्षक कार्यालयातून आणि सोरेगावच्या राज्य राखीव पोलीस बल गट क्रमांक १० मधल्यांचा समादेशकांकडून. तिथून पुढे महासंचालक कार्यालय, मंत्रालयातला गृह विभाग आणि शेवटी दिल्लीत केंद्रीय गृह मंत्रालय. रेल्वे सुरक्षा दलाचे प्रस्ताव मात्र रेल्वे मंत्रालयाच्या वाटेनं जातात.

म्हणजे आपल्या हातात काहीच नाही असं समजून लोक गप्प बसतात, आणि नुकसान तिथंच होतं. प्रस्ताव साहेब पाठवणार हे खरं, पण त्याला जोडायचे कागद उभे राहतात ते अंमलदाराच्या जागरूकतेवर. आस्थापना शाखेतल्या एका लिपिकाच्या टेबलावर शेकडो सेवापुस्तकं असतात. तुमच्या पुस्तकात काय राहून गेलंय हे त्याला कुणी सांगितल्याशिवाय कळणार नाही.

आधी नावांचा गोंधळ मिटवू. पोलीस, अग्निशमन, गृहरक्षक दल व नागरी संरक्षण आणि कारागृह सेवा यांची पूर्वी मिळून सोळा वेगवेगळी पदकं होती. २०२४ च्या प्रजासत्ताक दिनापासून ती चारच झाली: राष्ट्रपती शौर्य पदक, शौर्य पदक, विशिष्ट सेवेसाठी राष्ट्रपती पदक आणि गुणवत्तापूर्ण सेवेसाठी पदक. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला जाहीर होतात ती हीच. बंदोबस्तातले होमगार्ड आणि कारागृहातले शिपाई यांनाही ही चारही पदकं खुली आहेत, हे त्यांच्यापैकी फार थोड्यांना माहीत असतं. कार्यालयांत मात्र अजून जुन्या नावांचे नमुने फिरतात. जुन्या नमुन्यावर भरलेला प्रस्ताव त्रुटी काढून परत आला तर दोष अंमलदाराचा नसतो, पण वर्ष त्याचं जातं.

शौर्य: कर्तव्य वजा करून काय उरतं?

सगळ्यात जास्त प्रस्ताव इथं अडतात. शौर्य पदकाचा निकष असा आहे की जीव किंवा मालमत्ता वाचवताना, गुन्हा रोखताना किंवा गुन्हेगाराला पकडताना ठळक शौर्य दिसलं पाहिजे, आणि पत्करलेला धोका त्या माणसाच्या कर्तव्याच्या संदर्भात जोखला गेला पाहिजे. या शेवटच्या अटीकडे प्रस्ताव लिहिणारे लक्षच देत नाहीत. "जिवाची पर्वा न करता कर्तव्य बजावले" असं वाक्य लिहून मोकळे होतात. त्या वाक्यातून वरच्या समितीला एवढंच कळतं की माणसानं कर्तव्य बजावलं. कर्तव्याच्या पलीकडे त्यानं काय केलं, ते कळत नाही.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीला नाकाबंदी करणं हे तुकाराम ओंबळे यांचं कर्तव्य होतं. हातात फक्त लाठी असताना त्यांनी समोरच्या रायफलीची नळी दोन्ही हातांनी धरली, गोळ्या लागत असतानाही ती सोडली नाही, आणि त्यामुळे कसाब जिवंत सापडला. हे कर्तव्याच्या कितीतरी पलीकडचं होतं. त्यांना २००९ साली मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. सैन्यासाठी असतात असं समजली जाणारी अशोकचक्र, कीर्तिचक्र, शौर्यचक्र ही पदकं पोलिसांनाही मिळू शकतात, हेही यातून लक्षात घ्यावं.

आता आपल्याकडचं बघू. समजा, आषाढीच्या बंदोबस्ताला सोलापूर शहरातला एक अंमलदार पंढरपूरला गेला. चंद्रभागेच्या घाटावर दोन वारकरी बुडताना दिसले, यानं गणवेशासकट उडी मारली आणि एकाला बाहेर काढलं. लोकांनी व्हिडिओ केले, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, साहेबांनी शाबासकी दिली. आठ महिन्यांनी प्रस्ताव करायला बसल्यावर कागद शोधला, तर त्या दिवसाच्या अहवालात ओळ सापडते: "बंदोबस्त शांततेत पार पडला."

प्रस्तावाला लागणारा आणि कुणाकडेच नसणारा कागद तो हाच: घटनेची त्याच दिवशी, त्याच वेळी झालेली नोंद. वर्तमानपत्राचं कात्रण पुरावा म्हणून टिकत नाही, मोबाइलवरचा व्हिडिओ पूरक ठरतो, पण दोन्ही स्टेशन डायरीची, म्हणजे ठाण्यातल्या रोजच्या नोंदवहीची, जागा घेऊ शकत नाहीत. शिवाय इथं घटना ग्रामीणच्या हद्दीत आणि माणूस शहर घटकाचा. प्रस्ताव त्याच्या मूळ घटकानं पाठवायचा आणि पुरावा पंढरपूरच्या ठाण्यात. दोन कार्यालयं एकमेकांना पत्रं लिहीत बसतात, तोवर घाटावरचा साक्षीदार वारकरी मराठवाड्यातल्या त्याच्या गावी पोचलेला असतो आणि त्याचं नाव कुणी लिहून घेतलेलं नसतं.

म्हणून कळकळीनं सांगतो. असं काही घडलं की त्याच दिवशी, ओल्या कपड्यांनी का होईना, ठाणे अंमलदारासमोर उभं राहून डायरीत नोंद करून घ्या. वेळ, जागा, पाण्याची स्थिती, सोबत कोण होतं, कुणी काय केलं, वाचलेल्या माणसाचं नाव आणि गाव, हे सगळं त्यात यायला हवं. स्वतःला मार लागला असेल तर सरकारी दवाखान्यातच दाखवून जखमेचं प्रमाणपत्र घ्या. खाजगी दवाखान्याच्या चिठ्ठीनं पुढं फार वाद होतात. बंदोबस्त संपून मूळ घटकात हजर होताना त्या नोंदीची प्रत मागणारा लेखी अर्ज द्या. त्याला कुणी बढाईखोर म्हटलं तर म्हणू दे. स्वतःच्या कामाची नोंद मागण्यात कमीपणा कसला?

एकाच घटनेत चार-पाच जणांची नावं असली की आणखी एक अडचण येते. प्रत्येकापुढं तोच मजकूर चिकटवलेला असतो. समितीला प्रत्येकाची वेगळी भूमिका हवी असते. सरसकट मजकुरामुळे खरंच पुढं झालेला माणूसही मागं राहतो, आणि मला याचं सगळ्यात वाईट वाटतं.

चकमकीतल्या कारवाईचा विषय वेगळा आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्रातल्याच चकमकींच्या प्रकरणात मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यानुसार घटनेनंतर लगेच शौर्य पुरस्कार किंवा बढती देता येत नाही. शौर्य निःसंशय सिद्ध झाल्यावरच शिफारस करायची. त्यामुळे चौकशी पूर्ण होईपर्यंत ती फाइल हलणार नाही. त्यासाठी कुणाच्या पाया पडायची गरज नाही आणि कुणाला दोष देण्यातही अर्थ नाही.

सुट्टीवर असताना जीव वाचवला तर

उजनीच्या जलाशयावर साप्ताहिक सुट्टीला गेलेला अंमलदार एखाद्याला बुडताना वाचवतो, किंवा सीनेच्या पुरात रजेवर गावी आलेला जवान शेजाऱ्यांना बाहेर काढतो. अशा वेळी पाहायचं ते जीवन रक्षा पदक: सर्वोत्तम, उत्तम आणि जीवन रक्षा अशा तीन श्रेणी, अनुक्रमे २ लाख, दीड लाख आणि १ लाख रुपये रोख. सामान्य नागरिकालाही ते मिळतं. पोलीस, सैन्य आणि अग्निशमन दलाच्या माणसांना मात्र कृत्य कर्तव्यावर नसताना केलेलं असेल तरच.

लोक नेमके उलट करतात. बंदोबस्तावर असतानाच्या कृत्यासाठी जीवन रक्षाचा प्रस्ताव करतात, तो फेटाळला जातो, आणि तोवर शौर्य पदकाच्या प्रस्तावाला उशीर झालेला असतो. त्या दिवशी तुम्ही रजेवर होता, साप्ताहिक सुट्टीवर होता की ड्युटीवर, हे हजेरीच्या नोंदीवरून ठरतं. तो उतारा पहिल्याच दिवशी काढून ठेवा.

मुदतीचाही गैरसमज होतो. घटनेला दोन वर्षं उलटली की जीवन रक्षा पदकासाठी विचार होत नाही. "दोन वर्षं आहेत की" म्हणून लोक निवांत राहतात. पण या दोन वर्षांत फाइल जिल्ह्यातून मंत्रालयात आणि मंत्रालयातून दिल्लीत जायची असते. पहिल्या दोन-तीन महिन्यांतच कागद जिल्हाधिकारी कार्यालयात पोचवणं शहाणपणाचं. तसंच १५ ऑगस्टची यादी म्हणजे जुलैमध्ये धावपळ केली तरी चालेल असं नाही. प्रस्तावांची मुदत कितीतरी आधी संपलेली असते, आणि आयुक्तालय किंवा अधीक्षक कार्यालयाची आतली तारीख त्याच्याही आधीची असते. ती तारीख आस्थापना शाखेत विचारा.

सेवेची पदकं: शीट (सेवापट) आधी वाचा

१ मे रोजी, महाराष्ट्र दिनी दिलं जाणारं पोलीस महासंचालकांचं सन्मानचिन्ह, म्हणजे ज्याला सगळे डीजी पदक म्हणतात, त्यातल्या एका प्रवर्गासाठी सलग १५ वर्षांचा उत्तम सेवाभिलेख लागतो. राष्ट्रपतींच्या विशिष्ट सेवा पदकाआधी साधारणपणे गुणवत्तापूर्ण सेवेचं पदक मिळालेलं असावं लागतं. तपास, विशेष मोहीम, गुप्तवार्ता आणि न्यायवैद्यक कामासाठीचं केंद्रीय गृहमंत्री दक्षता पदक ३१ ऑक्टोबरला जाहीर होतं.

या सगळ्यांत अडतं ते सेवापटावर. कधीकाळी गैरहजेरीसाठी वेतनवाढ रोखली होती, अपिलात ती शिक्षा रद्दही झाली, पण रद्द झाल्याची नोंद शीटवर घेतलीच नाही. खाजगी फिर्यादीत निर्दोष सुटका झाली, निकालाची प्रमाणित प्रत घरच्या कपाटात पडून, आणि कार्यालयाच्या कागदावर खटला अजून प्रलंबित. अशा शीटवर विभागीय चौकशी प्रलंबित नसल्याचा दाखला आणि सचोटीचं प्रमाणपत्र कोण सही करून देणार? एका घटकातून दुसऱ्या घटकात बदली झालेल्यांची बक्षिसंही अर्धी राहून जातात. आदेश निघालेला असतो, शीटवर चढलेला नसतो. दरवर्षी एकदा स्वतःचं सेवापुस्तक पाहायला मागा, आणि राहिलेल्या प्रत्येक बक्षिसाचा आदेश क्रमांक व तारीख लिहून अर्ज द्या. गोपनीय अहवालातला प्रत्येक शेरा संबंधिताला कळवला पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं २००८ सालीच सांगितलंय. कळवला नसेल तर लेखी मागा. कार्यालय दाद देत नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. वरिष्ठ रागावतील म्हणून लोक हे टाळतात. मला ती भीती समजते. पण निवृत्तीच्या आदल्या वर्षी शीट उघडून पाहणाऱ्याला कुणीच मदत करू शकत नाही.

नावाकडेही बघा. सोलापुरात एका घरात तीन भाषा, म्हणून एका आडनावाची तीन रूपं. शाळेच्या दाखल्यावर येमुल, सेवापुस्तकात येमूल, आधारवर इंग्रजीतून आलेलं तिसरंच. राजपत्रात नाव चुकलं की शुद्धिपत्र काढून घ्यावं लागतं आणि त्यात फार वेळ जातो. प्रस्ताव जाण्याआधीच सगळीकडे एकच नाव करून घ्या.

हे घरच्यांसाठी सर्वांत महत्त्वाचं आहे. शौर्य पदकाबरोबर दरमहा भत्ता मिळतो, सेवा पदकाबरोबर नाही. पदकधारकाच्या मृत्यूनंतर हा भत्ता पत्नीला सुरू राहतो. मरणोत्तर पदक मिळालेला जवान अविवाहित असेल तर तो आई किंवा वडिलांना मिळतो. त्यासाठी राजपत्राची प्रत, मृत्यूचा दाखला, निवृत्तिवेतनाचे कागद आणि सेवापुस्तकातल्या वारसाच्या नोंदीशी जुळणारं नाव लागतं. अनेक घरांत पदक भिंतीवर काचेच्या चौकटीत असतं आणि राजपत्राची प्रत कुणाकडेच नसते. भारताच्या राजपत्राचे अंक संकेतस्थळावर मिळतात. पदक जाहीर झालेल्या तारखेवरून शोधून प्रत काढा, घटकाच्या आस्थापना शाखेकडून साक्षांकित करून घ्या, आणि भत्ता सुरू नसेल तर त्याच प्रतीसह लेखी अर्ज देऊन पोच घ्या.