काळे शिसे, प्लंबॅगो, शिमो, मिनिरन : गोणीत ग्रॅफाइटच

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडून ग्रॅफाइट पावडर, साच्याचा लेप आणि मुशी (धातू वितळवायची भांडी) नेणाऱ्यांमध्ये कोल्हापूरकडचे फाउंड्रीवाले आहेत, पितळेचे ओतकाम करणारे आहेत, कुलपे दुरुस्त करणारेही आहेत. या सगळ्यांकडून एक प्रश्न हमखास येतो : "गोणीवर ब्लॅक लेड लिहिलंय, म्हणजे यात शिसं आहे का?" शिसे विषारी असते हे आता सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे प्रश्न रास्तच आहे.

ग्रॅफाइटमध्ये शिसे नसते. ग्रॅफाइट म्हणजे कार्बन, म्हणजे हिरा ज्या मूलद्रव्याचा बनतो तेच. खाणीतल्या मालात थोडी माती-वाळू असते, तिलाच आपण राख म्हणतो. पुरावा तुमच्या भट्टीतच आहे. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, तांबे १,०८५ अंशांना. मूस शिशाची असती तर तांबे तापायच्या आधी तीच वाहून गेली असती. ग्रॅफाइट मात्र साध्या दाबाखाली वितळतच नाही, ३,६०० अंशांच्या पुढे त्याची थेट वाफ होते. त्याला धोका हवेचा. लाल तापल्यावर ते हवेत हळूहळू जळते, म्हणून मुशीवरची झिलई खरवडू नका.

मग शिशाचे नाव चिकटले कुठून? जुन्या काळी युरोपातले लेखनिक कागदावर रेघा आखायला खऱ्या शिशाची कांडी वापरत. तिची रेघ फिकट करडी उमटते. सोळाव्या शतकात इंग्लंडच्या उत्तरेला, कंब्रियातल्या बॉरोडेल खोऱ्यात ग्रॅफाइटचा फार शुद्ध साठा सापडला. त्याची रेघ शिशापेक्षा काळी, म्हणून ते 'काळे शिसे' ठरले. तिथले लोक त्याला 'वॉड' म्हणत आणि मेंढ्यांवर खुणा करायला वापरत. पुढे तोफगोळ्यांच्या साच्यांना आतून ते लावू लागले, म्हणजे गोळा गुळगुळीत निघे. आज तुम्ही साच्याला लेप देता तो याच कामासाठी. लॅटिनमध्ये शिसे म्हणजे 'प्लंबम', त्यावरून 'प्लंबॅगो' आले. हे नाव मुशींच्या जुन्या कॅटलॉगमध्ये अजून दिसते. इंटरनेटवर हा शब्द शोधला तर चित्रक वनस्पतीचे फोटो येतात, कारण तिच्या प्रजातीलाही हेच नाव आहे. गोंधळू नका.

स्वीडनच्या कार्ल विल्हेल्म शेले यांनी १७७९ मध्ये दाखवून दिले की हे कार्बनच आहे. १७८९ मध्ये जर्मन खनिजशास्त्रज्ञ आब्राहाम गोटलोब वेर्नर यांनी 'लिहिणे' या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून 'ग्राफिट' हे नाव दिले. आज बहुतेक युरोपीय भाषांत खनिजासाठी तेच चालते. पेन्सिलीचे नाव मात्र बहुतेकांनी बदलले नाही. जर्मन 'ब्लायश्टिफ्ट', तुर्की 'कुर्शून कालेम', अरबी 'कलम रसास', पोलिश 'ओवूवेक', ग्रीक 'मोलिवी' या सगळ्यांत शिसेच आहे. डच 'पॉटलोट'मधले 'लोट'ही शिसेच, आणि डचांबरोबर तो शब्द 'पोतलोत' होऊन इंडोनेशियातही पोचला. आपली शिसपेन्सिल याच पंगतीतली. पाटीवरची पेन्सिल वेगळी ओळखता यावी म्हणून तो 'शिस' उपयोगी होता, आणि मुलं अजूनही "शिसं मोडलं" असंच सांगतात.

रशियन 'करांदाश' याला अपवाद. तो तुर्की कुळातल्या भाषांकडून आलेला शब्द, 'कारा' म्हणजे काळा, आणि त्याचा अर्थ काळा दगड असा सांगतात. चेक भाषेत ग्रॅफाइटला 'तुहा' आणि पेन्सिलीला 'तुश्का' म्हणतात, तिथेही शिशाचा संबंध नाही.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची नावे आशियातली आहेत, कारण गोण्या तिकडून येतात. चिनी मालावर दोन अक्षरे असतात, उच्चार साधारण 'शिमो'. पहिले अक्षर दगडाचे, दुसरे शाईचे : दगडी शाई. आम्हाला हे नाव सगळ्यांत नेमके वाटते, कारण त्यात धातूचा उल्लेखच नाही. जपानी 'कोकुएन' आणि कोरियन 'हुग्यॉन' या दोन्हींचा अर्थ काळे शिसे. व्हिएतनामी 'थान ची' म्हणजे शिशाचा कोळसा. श्रीलंकेत सिंहलीमध्ये 'मिनिरन' म्हणतात. तिथल्या बोगाला आणि काहटगाहासारख्या खाणींत ते खडकातल्या शिरांमधून काढतात, त्यामुळे त्याचे ढेकळांसारखे तुकडे मिळतात. चिनी माल बहुतेक पापुद्र्यांचा असतो. कोणत्या कामाला कोणता, हे ठरवताना नावापेक्षा हा फरक जास्त मोलाचा आहे.

चिनी गोणीवरचा आकडाही वाचता येतो. त्यातला मेश म्हणजे चाळणीच्या एका इंचातली छिद्रे. '+८९५' म्हणजे ८० मेशच्या चाळणीवर राहणारा जाड पापुद्रा, कार्बन ९५ टक्के. '-१९५' म्हणजे १०० मेशमधून खाली पडणारा बारीक माल, कार्बन तितकाच. शेवटचे दोन आकडे नेहमी कार्बनचे.

एक गल्लत खरोखर महागात पडते, ती 'मॉली'ची. शिशाला ग्रीकमध्ये 'मोलिब्डोस' म्हणत आणि शिसे, ग्रॅफाइट आणि मॉलिब्डेनाइट (मॉलिब्डेनम धातूचे खनिज) हे काळे-करडे पदार्थ शतकानुशतके एकाच नावाखाली फिरले. शेले यांनीच १७७८ मध्ये मॉलिब्डेनाइट वेगळे काढले. आज वंगणाच्या ग्रीसमध्ये घालायची मॉली पावडर म्हणजे मॉलिब्डेनम डायसल्फाइड. दिसायला ग्रॅफाइटसारखी, हाताला तशीच बुळबुळीत, पण आकारमानाला वजन साधारण दुप्पट आणि भाव कितीतरी जास्त. पांढऱ्या चकचकीत चिनी मातीच्या बशीवर घासून पाहा : ग्रॅफाइटची रेघ करडी-काळी येते, मॉलीत हिरवट झाक दिसते. साच्याच्या लेपासाठी मॉली मागवू नका, पैसे वाया जातील.

ऑर्डर देताना 'काळे शिसे' म्हटलेत तरी आम्हाला कळते. पण बिलावर 'ग्रॅफाइट'च लिहून घ्या आणि सोबत तीन गोष्टी सांगा : कार्बन किती टक्के, मेश किती, वापर कशासाठी. आपल्या दुकानाबाहेर 'लेड पावडर' मागितलीत तर खरे शिसेही हाती येऊ शकते, आणि ते निश्चितच विषारी आहे.

ग्रॅफाइटमध्ये शिसे नसले तरी त्याची धूळ वर्षानुवर्षे छातीत जाणे वाईटच, शिवाय नैसर्गिक मालात सिलिका असते. गोणी फोडताना मास्क लावायला सांगा. ही पावडर वीजवाहक आहे, तेव्हा ती इलेक्ट्रिक पॅनेलजवळ उघडू नका, आणि सांडलेली पावडर झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने टिपून घ्या.