थायरॉइडची गाठ, साखर आणि पेट स्कॅन

डॉक्टरांनी दिलेल्या चिठ्ठीवर ‘एफडीजी पेट-सीटी’, म्हणजे पेट स्कॅन, असं लिहिलेलं असतं. एफडीजी म्हणजे काय, असं पेशंट विचारतात. ती एक प्रकारची साखर आहे असं आम्ही सांगतो, आणि मग खुर्चीत बसलेला माणूस जरा सावरून बसतो. “कॅन्सर साखरेवर वाढतो म्हणतात ना? मग तुम्ही साखरच टोचणार?” नाशिकच्या आमच्या छोट्या केंद्रात हा प्रश्न जवळजवळ रोज येतो. काउंटरवर दोन मिनिटांत त्याचं नीट उत्तर देता येत नाही, म्हणून हा कागद.

आधी तुमची काळजी मिटवतो. इंजेक्शनमधली साखर चहात पडणाऱ्या एका दाण्याहूनही कितीतरी कमी असते. तिने गाठीचं पोषण होत नाही. गाठ कुठे आहे, एवढंच ती दाखवते.

शरीरातल्या सगळ्याच पेशी साखर वापरतात. चुलीत वाळलेलं लाकूड नीट पेटलं की धग भरपूर मिळते आणि मागे मूठभर राख राहते. निरोगी पेशीचं काम असंच चालतं. प्राणवायूच्या मदतीने ती ग्लुकोज पूर्ण जाळते आणि एका रेणूतून ऊर्जेची सुमारे ३० नाणी कमावते. या नाण्यांना एटीपी म्हणतात. कॅन्सरच्या अनेक पेशी मात्र प्राणवायू हाताशी असतानाही बरीचशी साखर अर्धवटच जाळतात. त्यातून थेट २ नाणी मिळतात आणि उरलेलं लॅक्टिक आम्ल बाहेर टाकलं जातं. बर्लिनचे शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांनी १९२०च्या दशकात हे दाखवून दिलं. पुढे १९३१ साली पेशींच्या श्वसनावरच्या कामासाठी त्यांना नोबेल मिळालं.

इतका तोट्याचा व्यवहार पेशी का करते? कारण तिला धगीइतकीच बांधकामाच्या मालाची गरज असते. सतत दुभंगणाऱ्या पेशीला नवा डीएनए, नवी आवरणं, नवी प्रथिनं लागतात, आणि साखर अर्धवट मोडताना मधल्या टप्प्यांवर त्यांचा कच्चा माल मिळतो. शिवाय ही पद्धत झटपट चालते. नाणी कमी मिळत असल्याने साखर मात्र जास्त ओढावी लागते. त्यासाठी पेशी आपल्या भिंतीत ग्लुट-१ नावाची दारं वाढवते. आमची तपासणी याच दारांवर उभी आहे. एफडीजी दारातून आत जाते, आतलं विकर (एन्झाइम) तिच्यावर शिक्का मारतं, पण तिच्यात एका जागी फ्लोरिन बसवलेलं असल्यामुळे ती पुढे मोडत नाही आणि सहज बाहेरही पडत नाही. आतच अडकते. ते फ्लोरिन किरणोत्सारी असतं, त्याच्या किरणांवरून चित्र तयार होतं.

थायरॉइडची गोष्ट मात्र इतर कॅन्सरपेक्षा वेगळी आहे, आणि हा भाग कृपा करून घाई न करता वाचा. थायरॉइडच्या पेशीचं मूळ काम रक्तातलं आयोडीन ओढून हार्मोन बनवण्याचं. पॅपिलरी आणि फॉलिक्युलर या नेहमीच्या कॅन्सरच्या पेशींना हे काम बरेचदा थोडंफार आठवत असतं. म्हणूनच त्यांच्यावर किरणोत्सारी आयोडीनचा उपचार लागू पडतो. अशा पेशी साखर फार ओढत नाहीत, त्यामुळे साखरेच्या स्कॅनमध्ये त्या दिसतीलच असं नाही. पेशी जसजशी मूळ काम विसरत जाते, तसतशी तिची आयोडीनची दारं मिटतात आणि साखरेची उघडतात. पॅपिलरी कॅन्सरमध्ये वारंवार सापडणारा बीआरएएफ जनुकातला बदल दोन्हीकडून हेच करतो. अ‍ॅनाप्लास्टिक हा दुर्मीळ आणि वेगाने वाढणारा प्रकार तर साखर भराभर ओढतो. हर्थल पेशींची गाठ हा थायरॉइडचाच आणखी एक प्रकार, आणि तिच्यात एक गंमतीची बाब आहे. तिच्या पेशी मायटोकॉन्ड्रियाने, म्हणजे ऊर्जेच्या चुलींनी, गच्च भरलेल्या असतात, पण त्यातल्या अनेक चुली बिघडलेल्या असतात. म्हणून तीही साखरेच्या स्कॅनमध्ये ठळक उमटते.

थायरॉइडच्या प्रत्येक पेशंटला डॉक्टर पेट स्कॅन का लिहून देत नाहीत, ते यावरून लक्षात येईल. ऑपरेशन झालंय, रक्तातलं थायरोग्लोब्युलिन (थायरॉइडच्याच पेशी बनवतात ते प्रथिन) वाढतंय, पण आयोडीनच्या स्कॅनमध्ये काहीच दिसत नाही, अशा वेळी हा स्कॅन खरा उपयोगी पडतो. आयोडीनला दाद न देणारी पेशी साखरेने सापडू शकते.

कधी उलटही घडतं. दुसऱ्याच आजारासाठी केलेल्या स्कॅनमध्ये थायरॉइड चमकतं. पूर्ण ग्रंथी सारखी चमकली तर बहुतेक वेळा तो थायरॉइडायटिस, म्हणजे ग्रंथीचा दाह, असतो. एकच ठिपका चमकला तर अशा सुमारे ३ ठिपक्यांमागे १ कॅन्सरचा निघतो. तेव्हा घाबरून जाऊ नका, पण सोनोग्राफी टाळूही नका. गरज वाटली तर डॉक्टर सुईची तपासणी सांगतील.

आता साखर बंद करण्याबद्दल. मोबाइलवरचे संदेश वाचून काही जण भात-भाकरीसुद्धा सोडून आमच्याकडे येतात, चेहरा ओढलेला, हातात त्राण नाही. आम्हाला ते बघवत नाही. तुम्ही गोड खाणं सोडलंत तरी रक्तातली साखर शून्य होत नाही. यकृत ती साठ्यातून काढतं, साठा संपला की स्नायूंची प्रथिनं मोडून बनवतं, कारण मेंदूला ती लागतेच. कॅन्सरची पेशी तिचा वाटा घेत राहते, शिवाय ग्लुटामाइन (प्रथिनांचा एक घटक) आणि चरबीवरही भागवते. खंगतो तो तुमचा स्नायू, जो ऑपरेशननंतर तुम्हाला उभं करणार असतो. मिठाई आणि थंडपेयं कमी करणं चांगलंच, मधुमेह असेल तर पथ्य पाळायलाच हवं. पण रोजचं जेवण सोडू नका.

तयारीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आम्ही आमच्या चुकीतून शिकलो. नंदुरबारकडच्या एका आजींना आम्ही फोनवर “उपाशी या” असं सांगितलं होतं. त्या पहाटे साबुदाण्याची खिचडी खाऊन आल्या, कारण त्यांच्या घरी उपास म्हणजे हेच. खाल्ल्यावर इन्सुलिन वाढतं आणि साखर स्नायूंकडे वळते. चित्रात हातपायच ठळक दिसतात आणि गाठ फिकी पडते. त्यांना दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलवावं लागलं, याचं आम्हाला आजही वाईट वाटतं. तेव्हा स्पष्ट सांगतो, ६ तास पोटात काहीही नको. चहा नको, दूध नको, फळ नको, उपासाचे पदार्थही नकोत. साधं पाणी भरपूर प्या. आदल्या दिवशी व्यायाम किंवा जड काम करू नका. सुपारी, तंबाखू, च्युइंगम चघळू नका, जबड्याचे स्नायू साखर ओढतात.

बोटातून थेंबभर रक्त घेऊन आम्ही आधी साखर पाहतो, ती २००च्या आत हवी. इन्सुलिन किंवा मेटफॉर्मिन चालू असेल तर तारीख घेतानाच सांगा. तुमच्या डॉक्टरांना विचारून वेळ ठरवू, मनाने गोळी बंद करू नका. इंजेक्शननंतर तासभर मंद उजेडाच्या खोलीत पडून राहायचं. पांघरूण आम्ही देतो, कारण थंडी वाजली तर मानेजवळची तपकिरी चरबी साखर ओढते आणि नेमकी थायरॉइडच्या शेजारीच गफलत होते. त्या तासात बोलणं आणि मोबाइल टाळा.

वेळेवर या, अशी कळकळीची विनंती. एफडीजीचं हे औषध पहाटे मुंबईहून गाडीने येतं आणि दर ११० मिनिटांनी निम्मं होत जातं. तुम्ही दोन तास उशिरा आलात तर तुमच्या वाट्याचं निम्म्याहून कमी उरलेलं असतं.

आयोडीनचा स्कॅन वेगळा आणि त्याची पथ्यंही वेगळी. एक-दोन आठवडे आयोडीनयुक्त मीठ, मासे आणि दुधाचे पदार्थ कमी करायला सांगतात. ते पथ्य साखरेच्या स्कॅनला लागत नाही. दोन्ही स्कॅनच्या सूचनांचे कागद घरात एकत्र ठेवलेत तर त्यांच्यावर मोठ्या अक्षरात नाव लिहून ठेवा.

स्कॅननंतर लगेच जेवा आणि पाणी पीत राहा. उरलेला दिवसभर लहान बाळाला मांडीवर घेऊ नका आणि गरोदर बाईच्या फार जवळ बसू नका. तुम्ही स्वतः गरोदर असाल, तशी शंका असेल किंवा बाळाला पाजत असाल, तर इंजेक्शनच्या आधीच सांगा. येताना ऑपरेशनचा कागद, बायोप्सीचा रिपोर्ट, थायरोग्लोब्युलिनचे जुने आकडे आणि आधीच्या स्कॅनची सीडी आणा. जुनं चित्र शेजारी ठेवल्याशिवाय नव्या ठिपक्याचा अर्थ लागत नाही.