प्लेगचा बंदोबस्त, पुणे (१८९७)

ग्रंथिक सन्निपाताची (प्लेगची) साथ आटोक्यात आणण्यासाठी पुण्यात लष्कराच्या मदतीने राबविलेली घरझडती, विलगीकरण व निर्जंतुकीकरण यांची मोहीम. फेब्रुवारी १८९७ मधील साथरोग अधिनियम हा तिचा कायदेशीर आधार.

साथीच्या आरंभाबद्दल एकमत नाही. मुंबईत मांडवी भागात सप्टेंबर १८९६ मध्ये रोगाचे निदान झाले. ऑक्टोबरात मुंबईहून आलेले रुग्ण पुण्यात आढळले, म्हणून काही जण तेथूनच गणना करतात. मात्र बाहेरून आलेला रुग्ण आणि गावातच लागण झालेला रुग्ण यांत भेद केल्यास डिसेंबरचा सुमार धरणे अधिक सयुक्तिक वाटते. पुढे वॉल्टर चार्ल्स रँड याच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली व १३ मार्चपासून झडत्या सुरू झाल्या.

झडतीची रीत तत्कालीन वैद्यकीय समजुतीतून आली होती. रोगजंतू १८९४ मध्ये हाँगकाँग येथे सापडला होता; पण तो उंदरावरच्या पिसवांमार्फत माणसात येतो, हे पॉल-लुई सीमाँ यांनी १८९८ मध्ये दाखविले आणि ते सर्वमान्य होण्यास आणखी काही वर्षे गेली. त्यामुळे १८९७ मध्ये सारा संशय माणूस, त्याचे कपडे आणि त्याचे घर यांवर होता. गाठ जांघेत, काखेत वा मानेत येते. ती पाहण्यासाठी गोरे सोजीर लोकांना कपडे उतरवायला लावत. रुग्णाला इस्पितळात व घरच्यांना विलगीकरण छावणीत नेत. मागे जमीन उकरली जाई, भिंतींना चुना फासला जाई, अंथरुणे जाळली जात. उंदीर मात्र मोकळाच राहिला. मृत्यूची नोंद झाल्याखेरीज अंत्यविधीलाही मनाई होती.

सोजिरांच्या वर्तनाविषयीच्या तक्रारी सरकारी पक्षाने अतिरंजित ठरविल्या. गोपाळ कृष्ण गोखले यांना इंग्लंडमध्ये केलेले आरोप पुराव्याअभावी मागे घ्यावे लागले, याने त्या मताला बळ मिळाले. तथापि अब्रूच्या भीतीने साक्षीला कोणी पुढे येत नाही, ही बाब विचारात घेता केवळ पुराव्याच्या अभावावरून तक्रारी खोट्या मानता येत नाहीत. देवघर-माजघरापर्यंत शिरणारी तपासणी हीच लोकांना असह्य होती.

२२ जून रोजी गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड व लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट तत्काळ, तर रँड ३ जुलैला मरण पावला. दामोदर, बाळकृष्ण, वासुदेव आणि त्यांचे साथीदार महादेव रानडे यांना फाशी झाली.

या वधाच्या इतिहासात रुग्णसेवा करणारे झाकोळले गेले, हा त्यांच्यावर अन्यायच आहे. टिळकांनी शहर न सोडता हिंदूंसाठी प्लेगचे इस्पितळ उभारले. सावित्रीबाई फुले यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या पांडुरंग बाबाजी गायकवाड यांच्या आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर तेथे आणले, असे सांगितले जाते. त्याच शुश्रूषेत लागण होऊन १० मार्च रोजी, म्हणजे लष्करी झडत्यांपूर्वीच, त्यांचे निधन झाले.

नचिकेत व जयू पटवर्धन दिग्दर्शित ‘२२ जून १८९७’ (१९७९) हा मराठी चित्रपट चापेकरांच्या कटावर आधारलेला आहे.