पुण्याची हवा, स्कार्फ आणि मेडिकलचं बिल

पुण्यात कुणी हवेचा विषय काढला की समोरून ठरलेलं उत्तर येतं, अरे आपली हवा काय दिल्लीसारखी आहे का. नाहीये, मान्य. पण हे म्हणजे वर्गातल्या सगळ्यात ढ पोराकडे बोट दाखवून घरी स्वतःचे मार्क सांगण्यासारखं झालं.

मोबाईलवर एक्यूआय, म्हणजे हवा किती खराब आहे ते सांगणारा आकडा, दिसतो ना, त्याचंच बघा. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण, केसाच्या जाडीच्या साधारण विसाव्या-पंचविसाव्या हिश्शाएवढे. दिवसभराची सरासरी घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम असली तरी आपल्याकडच्या हिशोबाने एक्यूआय येतो १०० आणि ॲप म्हणतं ‘समाधानकारक’. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिवसासाठी सांगितलेली पातळी आहे १५ मायक्रोग्रॅम. चौपट झालं की हो, आणि आपण समाधानी!

लोकांना वाटतं प्रदूषण म्हणजे खोकला, फार तर दमा. पण हे कण फुफ्फुसाच्या पार शेवटच्या वायुकोशांपर्यंत जातात, तिथे दाह होतो आणि तो तिथेच थांबत नाही, त्याचा परिणाम रक्तावर होतो, रक्त गोठायची प्रवृत्ती वाढते, रक्तवाहिन्या खराब होत जातात, आणि मग हार्ट अटॅक नाहीतर स्ट्रोक. त्यातही हृदयविकाराचा धोका कमी प्रदूषणातच भराभर चढतो, पुढे तो चढ मंदावतो, त्यामुळे हवेत दिल्लीपेक्षा निम्मे कण असले म्हणून धोकाही निम्मा होतो असं अजिबात नाही.

थंडीत अजून एक भानगड. पुणे टेकड्यांच्या मधे वाटीसारखं बसलंय, रात्री जमिनीलगतची हवा गार होते आणि वरची उबदार हवा तिच्यावर झाकण घालते. शेकोट्या, जाळलेला कचरा, गाड्यांचा धूर, बांधकामाची धूळ सगळं त्या झाकणाखाली. सकाळी वेताळ टेकडीवरून खाली बघा, शहरावर मळकट थर दिसतो, आणि आपण तर भल्या पहाटे त्याच थरात मॉर्निंग वॉकला निघतो! ऊन वर आल्यावर जा की, पेन्शनरांना काय घाई.

आता पैशाचं. २०२० मध्ये लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार २०१९ या एका वर्षात भारतात हवेच्या प्रदूषणाने, चुलीचा धूर धरून, सुमारे १६.७ लाख मृत्यू झाले आणि अकाली मृत्यू नि आजारपणामुळे जे काम बुडालं त्याची किंमत सुमारे २ लाख ६० हजार कोटी रुपये, जीडीपीच्या १.३६ टक्के. आकडा एवढा मोठा की डोक्यात शिरतच नाही. घरात मात्र तो चिल्लर होऊन येतो, पोराचा नेब्युलायझर, त्याला डॉक्टरकडे न्यायला-आणायला आईची पडलेली हाफ डे, आजोबांचा इनहेलर. स्वारगेटला दिवसभर उभ्या रिक्षावाल्याला तर हाफ डे पण नाही, गाडी लावली घरी की त्या दिवशीची कमाई शून्य.

आणि आपला तो जगप्रसिद्ध स्कार्फ, डोळे सोडून सगळं गुंडाळलेला. उन्हाला आणि धुळीला ठीक आहे, पण कापडाच्या विणीतून अडीच मायक्रॉनचे कण आरामात आत जातात. त्यासाठी नीट घट्ट बसणारा एन ९५ मास्क लागतो, जो कोविडनंतर आपण सगळ्यांनी कपाटाच्या कुठल्यातरी खणात टाकून दिलाय.