हरकती व सूचना (नगरपरिषद)

नगरपरिषदेने जाहीर केलेल्या प्रस्तावावर, तो कायम होण्याआधी, ठरलेल्या मुदतीत नागरिकाने लेखी नोंदवलेले म्हणणे. विरोध असेल तर हरकत, बदल सुचवायचा असेल तर सूचना; दोन्हींची वाट एकच असल्याने जाहीर नोटिशीत हे शब्द जोडीनेच येतात. ‘हरकत’ या मूळ अरबी शब्दाचा अर्थ हालचाल. मराठीत येऊन तो चालत्या कामाला घातलेला अडसर झाला, आणि अडसर घालायचा नसला की आपण ‘हरकत नाही’ म्हणतो.

हरकत म्हणजे निवेदन नव्हे आणि तक्रारही नव्हे. निवेदन ही विनंती असते. ते वाचून बाजूला ठेवले तरी कायदा मोडत नाही. तक्रार घडून गेलेल्या गोष्टीची असते. अपील दिलेल्या निर्णयावर होते. हरकतीला मात्र कायद्याने दिलेली खिडकी असते, ती ठरावीक दिवस उघडी राहते, आणि त्या काळात आलेली प्रत्येक हरकत नोंदवून तिच्यावर निर्णय देणे यंत्रणेला बंधनकारक असते. ‘आम्ही विरोध केला होता’ असे सांगणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी प्रत्यक्षात निवेदन दिलेले असते, तेही मुदत टळल्यावर.

कायद्याची चौकट

महाराष्ट्रातील लहान शहरांचा कारभार ‘महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५’ नुसार चालतो. एक लाखावर लोकसंख्या असेल तर ‘अ’ वर्ग, चाळीस हजारांवर ‘ब’, त्याखाली ‘क’. सातारा जिल्ह्यात सातारा, कराड, फलटण, वाई, महाबळेश्वर, पाचगणी, रहिमतपूर, म्हसवड, मलकापूर या नगरपरिषदा. कोरेगाव, लोणंद, वडूज, दहिवडी, मेढा, पाटण वगैरे नगरपंचायती. सातारची नगरपालिका १८५३ पासूनची, म्हणजे राज्य खालसा झाल्यावर पाच वर्षांतली. कर आणि उपविधी (नगरपरिषदेने स्वतः केलेले नियम) यांवरच्या हरकती १९६५ च्या कायद्याने घेतल्या जातात. जमिनीच्या वापरावरच्या हरकती ‘महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६’ खाली येतात. कार्यालयात आणि बाहेरही त्याला ‘एमआरटीपी’ म्हणतात.

झोन आणि आरक्षण

सर्वांत महत्त्वाची खिडकी विकास योजनेची, म्हणजे ‘डीपी’ची. शहराचा कोणता भाग राहण्यासाठी, कोणता व्यापारासाठी, कोणता शेतीसाठी, रस्ते कुठून जाणार, शाळा-बाग-मंडई यांसाठी कोणत्या जागा राखून ठेवणार हे या नकाशात ठरते. राहण्याचा भाग पिवळा दाखवतात, म्हणून लोक ‘यलो झोन’ म्हणतात. शेतीचा तो ‘ग्रीन झोन’. त्या रंगावर जमिनीचा भाव कितीतरी पट बदलतो. एमआरटीपीच्या कलम ३८ नुसार योजनेची फेररचना साधारण वीस वर्षांनी होत असल्याने एका मालकाच्या आयुष्यात ही संधी दोनदा, फार तर तीनदा येते.

क्रम असा. नगरपरिषद योजना करण्याचा इरादा जाहीर करते. जमिनीचा सध्याचा वापर दाखवणारा नकाशा तयार होतो. त्यावरून प्रारूप योजना बनते आणि कलम २६ खाली राजपत्रात व स्थानिक वृत्तपत्रांत प्रसिद्ध होते. तिथून ३० दिवस हरकती स्वीकारल्या जातात. मग कलम २८ ची नियोजन समिती बसते: स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले, विषयाची जाण असलेले जास्तीत जास्त चार. हरकतदारांना ही समितीच ऐकते. तिचा अहवाल सभेपुढे जातो, सभा बदल करते, त्या बदलांची यादी पुन्हा जाहीर होते आणि योजना शासनाकडे जाते. शासनाला मोठा फेरफार करायचा असेल तर तेवढा भाग मंजुरीतून वगळून त्यावर नव्याने हरकती मागवल्या जातात. ही दुसरी खिडकी बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. पहिल्या फेरीत आपले काम झाले म्हणून माणूस निर्धास्त असतो, आणि जागेवरचे आरक्षण शासनाच्या यादीतून परत येते.

प्रारूप नकाशा नगरपरिषदेत पाहायला ठेवलेला असतो. मोबाइलवर फिरणाऱ्या फोटोवर विसंबू नये: त्यात प्रमाण हरवते, आणि रस्ता आपल्या कुंपणातून जातो की शेजाऱ्याच्या, हे कळत नाही. पैसे भरून आपल्या गटाचा ‘भाग नकाशा’ आणि ‘झोन दाखला’ घ्यावा आणि तो मोजणीच्या नकाशाशी ताडून पाहावा. गावठाणात सिटी सर्व्हे नंबर चालतो, बाहेर गट नंबर. हद्दवाढीनंतर दोन्ही एकाच शहरात नांदतात. सातारची हद्द २०२० मध्ये वाढली. शाहूपुरी, विलासपूर आणि शाहूनगरचा ‘त्रिशंकू भाग’ (जो तोवर ना ग्रामपंचायतीत होता, ना पालिकेत) शहरात आला. अशा ठिकाणी जुना गट नंबर, पोटहिस्सा, बिनशेती आदेशातला प्लॉट नंबर आणि नवा मिळकत क्रमांक हे चारही लिहिलेले बरे. चुकीच्या नंबरावर दिलेली हरकत दुसऱ्याच्या जमिनीबद्दलची ठरते.

हरकतीचा मजकूर साध्या कागदावर चालतो. वर योजनेचे नाव व नोटिशीची तारीख, खाली मिळकतीचा तपशील, मग एका वाक्यात मागणी, मग कारणे. मागणी नेमकी हवी. ‘आमच्यावर अन्याय झाला आहे’ या वाक्यावर समितीला काहीच करता येत नाही. ‘गट नंबर अमुकमधून दाखवलेला १२ मीटर रस्ता पूर्वेच्या ओढ्याकाठच्या पाणंदीवरून न्यावा, तिथे आजही ६ मीटर वहिवाट आहे’ यावर करता येते. पर्याय दिलेल्या हरकतीला वजन येते, कारण रस्ता पुसला की जाळे तुटते आणि समितीला तो कुठेतरी जोडावाच लागतो. सोबत सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, मोजणी नकाशा, मंजूर रेखांकन, जागेचे फोटो लावावेत. दोन प्रती न्याव्यात. एक बारनिशीत (आवक-जावक कक्षात) द्यावी, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊन घरी आणावी. नगरसेवकाच्या हाती दिलेला कागद बारनिशीपर्यंत पोहोचेलच असे नाही.

शंभर घरांनी एकच मजकूर झेरॉक्स करून दिला तर नोंदी शंभर होतात, पण मुद्दा एकच धरला जातो आणि सुनावणीही गटाने उरकते. त्याऐवजी दहा जणांनी आपापल्या मिळकतीवर होणारा परिणाम वेगवेगळा लिहिला तर समितीला दहा उत्तरे द्यावी लागतात. सुनावणीला गैरहजर राहिले तरी हरकत रद्द होत नाही. ती कागदावरून निकाली निघते. कागद मोघम असेल तर निकालही तसाच येतो. उताऱ्यावर आजोबांचे नाव आणि हरकत नातवाच्या सहीची, असेही पुष्कळदा होते. वारस नोंद झाली नसेल तर निदान वंशावळीचे प्रतिज्ञापत्र जोडावे.

योजना मंजूर झाली की हरकतीची वाट बंद होते. आरक्षित जागा दहा वर्षांत संपादन झाली नाही तर मालक कलम १२७ ची नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. ही नोटीस म्हणजे हरकत नव्हे, हा हक्क आहे. तिच्यासोबत मालकीचे कागद नसले तर तीच निष्प्रभ ठरते.

मधल्या काळात एखाद्या तुकड्याचा झोन बदलायचा असेल तर कलम ३७ चा फेरबदल होतो. सभेचा ठराव, राजपत्रात नोटीस, महिनाभर हरकती, मग शासन. इथे नजर ठेवायची ती विषयपत्रिकेवर. फेरबदलाचा विषय ‘आयत्या वेळचे विषय’ या मथळ्याखाली आला तर सभागृहातल्या अर्ध्या लोकांनाही तो वाचायला मिळालेला नसतो. ठराव बेकायदा किंवा लोकहिताला बाधक वाटल्यास जिल्हाधिकारी १९६५ च्या कायद्याच्या कलम ३०८ खाली त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात. सभेत हरलेले नगरसेवक हे कलम वापरतात. नागरिकांनाही इतिवृत्ताची प्रत जोडून तसा अर्ज करता येतो.

शेजारच्या बांधकाम परवानगीवर ‘हरकत’ घेण्याचा प्रघात आहे, पण कायद्यात तशी खिडकी नाही. परवानगीच्या टप्प्यावर जाहीर नोटीस निघत नाही. सामासिक अंतर (बांधकामाभोवती मोकळी सोडायची जागा), उंची, पार्किंग हे डिसेंबर २०२० पासून जवळजवळ राज्यभर लागू असलेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीने ठरते. नगरपरिषदेला त्यात ढील देता येत नाही की जाच वाढवता येत नाही. शेजाऱ्याचा अर्ज अडतो तो मालकीचा वाद किंवा न्यायालयाचा मनाई हुकूम दाखवल्यावर. मंजूर नकाशा सोडून काम चालले असेल तर ती तक्रार होते, आणि नोटीस कलम ५३ ची निघते. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या पेठांत हा भेद नेहमी उपयोगी पडतो: १:५ किंवा त्याहून तीव्र उतारावर विकासाला मनाई आहे, आणि तिथे उताराची मोजणी मागणे हे ‘डोंगर वाचवा’ म्हणण्यापेक्षा परिणामकारक असते.

घरपट्टी

दर चार वर्षांनी कर आकारणीची यादी नव्याने होते. मोजणीदार घरे मोजून जातात, मग नगररचना विभागाचे प्राधिकृत मूल्यनिर्धारण अधिकारी करयोग्य मूल्य ठरवतात आणि मिळकतदाराला नोटीस येते. हरकतीची मुदत सहसा ३० दिवस. आकडा वाढला की लोक आकड्यावरच हरकत घेतात. घ्यायची असते ती आकडा ज्या गोष्टींवर उभा आहे त्यांवर: क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार (आरसीसी, लोडबेअरिंग, दगड-माती, पत्रा), वय, वापर निवासी की अनिवासी, राहणारा मालक की भाडेकरू.

हिशेब समजून घ्यायला एक मानीव उदाहरण. घर ६० चौरस मीटर, भाडेमूल्य महिना चौरस मीटरला २० रुपये धरले. वार्षिक भाडेमूल्य १४,४०० रुपये. दुरुस्तीपोटी १० टक्के वजा जाऊन करयोग्य मूल्य १२,९६०. कराचा दर २४ टक्के मानला तर कर सुमारे ३,११० रुपये. मोजणीदाराने उघडा सज्जा आणि जिना धरून ७२ चौरस मीटर लिहिले असतील तर हाच कर ३,७३२ होतो. फरक वर्षाला ६२२, पण यादी चार वर्षे चालते. म्हणून सुनावणीला जाताना मंजूर नकाशा किंवा अभियंत्याचे मोजमाप हवे. बंद दुकानगाळा ‘अनिवासी’ म्हणून, वरच्या मजल्यावरची शिकवणी ‘व्यापारी’ म्हणून आणि पाडलेला गोठा अजून उभा म्हणून लागणे, या नेहमीच्या चुका.

बिलातल्या सगळ्याच ओळी नगरपरिषदेच्या नसतात. शिक्षण कर आणि अनिवासी मिळकतींवरचा रोजगार हमी कर राज्याचे. नगरपरिषद ते नुसते गोळा करते. त्यांच्या दरावर हरकत घेऊन उपयोग नाही. करयोग्य मूल्य कमी झाले तरच त्या ओळी खाली येतात. सुनावणीनंतरही समाधान झाले नाही तर १९६५ च्या कायद्याच्या कलम १६९ खाली अपील आहे, मात्र मागणीची रक्कम आधी भरावी लागते. वाद चालू आहे म्हणून बिल न भरता बसणाऱ्याच्या थकबाकीवर महिना २ टक्के शास्ती चढते. दोन-तीन वर्षांत ती मूळ वादापेक्षा मोठी होऊन बसते.

शुल्के

बाजार फी, घनकचऱ्याचे शुल्क, नळजोड, सभागृह भाडे यांचे दर सभेच्या ठरावाने किंवा उपविधीने ठरतात. उपविधीचा मसुदा प्रसिद्ध होतो, त्यावर म्हणणे मांडता येते. बांधकामावरचे विकास शुल्क मात्र एमआरटीपी कायद्यानेच रेडीरेकनरच्या (जमिनीच्या सरकारी दरपत्रकाच्या) टक्केवारीत बांधलेले असल्याने त्याच्या दरावर स्थानिक हरकत चालत नाही.

हरकत कोणाकडे

चुकीच्या दारात दिलेली हरकत मुदत खाते. सातारा शहराच्या काही भागाला नगरपरिषद पाणी देते, कास तलावातून आणि शहापूर योजनेतून. काही भागाला महाराष्ट्र जीवन प्राधिकरण. प्राधिकरणाच्या ग्राहकाने पाणीपट्टीची हरकत पालिकेत देणे म्हणजे टपाल खर्च. नळाचे बिल उलटून पाहिले की खाते कळते. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून केंद्राच्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, त्यामुळे तिथल्या झोनचा निर्णय एकट्या नगरपरिषदेच्या हातात नाही. वाई, कराड आणि पुढे सांगलीकडे कृष्णाकाठी निळी आणि लाल पूररेषा येते: निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या. निळीच्या आत बांधकामाला मनाई, दोहोंच्या मध्ये अटी. या रेषा जलसंपदा विभाग आखतो. डीपीच्या नकाशावर त्या नुसत्या उतरवलेल्या असतात. रेषा चुकली असे वाटत असेल तर जागेची पातळी मोजून घेऊन पाटबंधारे खात्याकडे जावे लागते. नियोजन समिती त्या हरकतीवर ‘संबंधित विभागाकडे वर्ग’ एवढेच लिहू शकते.

निवडणुकीपूर्वीच्या प्रभाग रचनेवरही हरकती मागवतात, पण तिथली मुदत फारच थोडी असते आणि सुनावणी नगरपरिषद घेत नाही, महसूल यंत्रणा घेते. तिथे चालणारे मुद्दे मोजके: प्रगणक गट (जनगणनेसाठी पाडलेला घरांचा गट) फुटला, नाला किंवा मोठा रस्ता ओलांडून हद्द गेली, वर्णन आणि नकाशा जुळत नाहीत.