कीटकभक्षक प्राणी (सोलापूर परिसर)

कीटकभक्षक प्राणी : ज्यांच्या आहाराचा मोठा भाग कीटकांचा असतो असे प्राणी. कोळी, गोम, गांडूळ हे कीटक नव्हेत. तरी त्यांच्यावर जगणाऱ्यांनाही व्यवहारात हेच नाव लावतात. ही वर्गवारी आहाराची आहे, वंशाची नव्हे. सस्तन प्राण्यांच्या बाबतीत मात्र या दोहोंची गल्लत दीर्घकाळ चालली.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रूढ झालेल्या ‘कीटकभक्षक गणा’त (गण : प्राणिवर्गीकरणातील एक पायरी) जाहक (अंगावर काटे असलेला लहान प्राणी), चिचुंद्री, मोल (जमिनीत बिळे करून राहणारा प्राणी) यांच्याबरोबर इतरत्र जागा न मिळालेले अनेक लहान सस्तन प्राणी कोंबले गेले. १८६६ मध्ये जर्मन जीवशास्त्रज्ञ एर्न्स्ट हेकेल याने अंधनाल (मोठ्या आतड्याच्या आरंभीची पिशवी) आहे की नाही यावरून त्यांचे दोन गट केले. ती असलेल्या वृक्षचिचुंद्री व हत्तीचिचुंद्री पुढे स्वतंत्र गणांत गेल्या. १९९८ च्या सुमारास डीएनएच्या पुराव्यावरून आफ्रिकेतील सोनेरी मोल व टेनरेक (जाहक-चिचुंद्रीसारखे दिसणारे लहान प्राणी) हेही वेगळे काढण्यात आले. त्यांचे नाते हत्तीच्या गोतावळ्याशी अधिक जवळचे दिसते. उरलेल्यांचा ‘युलिपोटिफ्ला’ हा गण आता बहुतेक अभ्यासकांना मान्य आहे. जुन्या पाठ्यपुस्तकांतील गण वाचताना हा बदल ध्यानात ठेवावा.

सोलापूर परिसरात या गणाची घरोघरची प्रतिनिधी म्हणजे चिचुंद्री (सुंकस म्युरिनस). ती उंदीर नव्हे. लांब हलते नाक, बारीक डोळे आणि दातांच्या ओळीत उंदरासारखी मोकळी जागा नसणे, या खुणांवरून ती ओळखावी. झुरळे, रातकिडे हे तिचे मुख्य खाद्य. उंदराच्या पिंजऱ्यात सापडून ती नाहक मरते. कुशीतील ग्रंथींच्या उग्र वासामुळे मांजर तिला मारते, पण बहुधा खात नाही. पिल्ले एकमेकांच्या शेपटीजवळ दातांनी धरून आईमागे रांगेने चालतात. तिचा मूळ प्रदेश दक्षिण आशिया असून जहाजांतून ती पूर्व आफ्रिकेपर्यंत पोहोचली, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

गणाबाहेरील कीटकभक्षकांत खवल्या मांजर (मुंग्या, वाळवी), लहान वटवाघळे, पाली, सरडे व बेडूक येतात. माळरानावर वेडा राघू, कोतवाल, चंडोल, नांगरामागे गायबगळे. वेडा राघू मधमाशी फांदीवर आपटतो, मग तिचे बूड घासून नांगीतील विष काढतो. हिवाळी पाहुणा माँटेग्यूचा भोवत्या हा शिकारी पक्षी नाकतोड्यांवर ताव मारतो. सोलापूरजवळच्या नान्नजचा माळढोक (अभयारण्य १९७९) हिंगे (एक प्रकारचे भुंगेरे), टोळ भरपूर खातो. पण बोरे व धान्यही खात असल्याने त्याला सर्वभक्षी म्हणणेच योग्य.

शेतीत कीटकभक्षक पक्ष्यांचा उपयोग पक्षीथांब्यांनी होतो. हरभऱ्यातील घाटेअळीसाठी बांबूचे किंवा तुराट्यांचे ‘टी’ आकाराचे थांबे पिकापेक्षा फूट-दीड फूट उंच रोवतात. शिफारशी एकरी ८-१० पासून २० पर्यंत आढळतात. थांबा पिकाच्या उंचीचाच राहिला तर पक्षी टेकत नाहीत. थांबे रोवायला उशीर केल्यास अळी अर्धे अंग घाट्यात घालून दाणे खात असते. तेव्हा ती टिपली गेली तरी घाटा हातचा गेलेला असतो. शेजारी शाळू असेल तर तो हुरड्यात येताच थांबे काढावेत, कारण त्यांवर मग चिमण्या व पोपट बसू लागतात.